‘महिन्याला फक्त इतकेच’: घरदुरुस्तीच्या कर्जाची ९० वर्षांची गोष्ट

आजचा भाग पैशांचा आहे, पण गोष्ट मात्र इतिहासाची आहे.

घराचं कुठलंही काम काढा. गच्ची गळतेय म्हणून वॉटरप्रूफिंग, जुन्या ओट्याच्या जागी मोड्युलर किचन, बाथरूमच्या टाइल्स, नाहीतर छतावर सोलर. काम बघायला आलेला माणूस दोन मिनिटांत एक आकडा सांगतो. तो आकडा बहुतेक वेळा कामाच्या किमतीचा नसतो, हप्त्याचा असतो. “महिन्याला फक्त इतके पडतील, बस.” कर्ज किती वर्षं चालणार, शेवटी खिशातून एकूण किती जाणार, व्याजाचा खरा दर काय, हे आपण विचारलं तर सांगतात. आणि बऱ्याचदा आपण विचारतच नाही.

तुम्हाला वाटेल, ही ॲपवाल्यांची नवी युक्ती आहे. तसं नाहीये. घरदुरुस्तीसाठी हप्त्याच्या कर्जाचा एक फार मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, १९३४ साली. तो चक्क सरकारच्या पाठबळावर झाला. त्यातून लाखो घरं दुरुस्त झाली, पुष्कळ लोक फसलेसुद्धा, आणि अशा फसवणुकीला उत्तर म्हणून पुढे एक कायदा आला. त्या कायद्यानं पुढे आणलेला एक आकडा आज तुमच्या फोनवरच्या लोनच्या कागदातही असतो. आज त्या आकड्याची गोष्ट सांगते.

तर चला १९३४ मध्ये. महामंदीचा काळ. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत काम करू शकणाऱ्या साधारण दर चार माणसांपैकी एक बेकार होता. बांधकामाचं क्षेत्र तर पार झोपलेलं. सुतार, गवंडी, प्लंबर, रंगारी घरी बसून होते. दुसरीकडे घरं मोडकळीला आलेली, कारण दुरुस्तीला कुणाकडे पैसे नाहीत. म्हणजे काम आहे, कामगार आहेत, मधला पैसा तेवढा नाही.

अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी २७ जून १९३४ ला नॅशनल हाउसिंग ॲक्टवर सही केली. त्यातून फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए ही संस्था उभी राहिली. घर विकत घेण्यासाठी लांब मुदतीचं कर्ज अमेरिकेत रुजवणारी म्हणून ती ओळखली जाते. पण या कायद्याचा पहिलाच भाग, ‘टायटल वन’, घरदुरुस्तीच्या कर्जाचा होता.

त्याची रचना साधी होती. सरकार स्वतः कर्ज देणार नाही. कर्ज बँक देईल, सरकार बँकेला विमा देईल. बँकेनं अशी जेवढी कर्जं दिली असतील, त्या एकूण रकमेच्या २० टक्क्यांपर्यंतचं नुकसान सरकार भरून देणार. एका घराला २,००० डॉलरपर्यंत कर्ज, तेही काही गहाण न ठेवता, परतफेड महिन्याच्या हप्त्यानं. त्या काळात साध्या पगारदाराला घराच्या डागडुजीसाठी बँक सहसा दारातही उभी करायची नाही. त्यामुळे ही मोठीच गोष्ट होती. गावोगावी मोहीम निघाली. स्वयंसेवक घरोघर जाऊन विचारायचे, तुमच्या घराला काय काय करायचंय? काही वर्षांतच अशी दहा लाखांहून जास्त कर्जं दिली गेली.

आता व्याज बघू, कारण खरी गंमत इथे आहे.

बँकेला शंभर डॉलरमागे वर्षाला जास्तीत जास्त ५ डॉलर घ्यायची मुभा होती. ऐकायला किती छान! शंभराला पाच, म्हणजे पाच टक्के. हो ना?

नाही. हे ५ डॉलर आधीच कापून घेतले जायचे. म्हणजे कागदावर कर्ज १०० डॉलरचं, हातात येणार ९५. आणि परतफेड १२ समान हप्त्यांत. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे बँकेचे ९५ डॉलर आहेत. सहा महिन्यांनी निम्मे परत गेलेले. शेवटच्या महिन्यात जेमतेम ८ उरलेत. वर्षभराची सरासरी काढली, तर तुम्ही साधारण ५१-५२ डॉलरच वापरलेत, आणि त्याचे दिलेत ५ डॉलर. म्हणजे दर झाला जवळपास ९.७ टक्के. कागदावर दिसणाऱ्या पाचाच्या जवळपास दुप्पट.

हे बेकायदेशीर नव्हतं. लपवाछपवीही म्हणता येणार नाही, हप्त्याचं कर्ज सांगायची तीच रीत होती. आणि मंदीतल्या माणसाला ९.७ टक्क्यांनीसुद्धा कर्ज मिळालं हे काही वाईट नव्हतं. फक्त एकच गोष्ट हातातून निसटली. दोन कर्जांची तुलना करायची तर कशी करायची? कुणी शंभराला पाच आधी कापतोय, कुणी शंभराला सहा वर लावतोय, कुणी महिन्याला अमुक टक्के सांगतोय, कुणी नुसता हप्ता. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. आपल्याकडच्या ‘फ्लॅट रेट’ची जातकुळी हीच. त्याच्याकडे येतेच, थोडं थांबा.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललं. मंदी संपली, शहरांभोवती नवी उपनगरं वाढली आणि घर सजवणं हा मोठा धंदा झाला. घराच्या बाहेरच्या भिंतींवर ॲल्युमिनियमचे पत्रे चढवून द्यायचे, त्याला ‘साइडिंग’ म्हणतात, ते विकणारे सेल्समन दारोदार फिरू लागले. बॅरी लेव्हिन्सनचा १९८७ चा ‘टिन मेन’ नावाचा सिनेमा याच लोकांवर आहे. १९६३ चं बाल्टिमोर दाखवलंय त्यात.

या विक्रेत्यांपैकी काहींची एक ठरलेली चाल होती. “तुमचं घर आम्ही आमचं मॉडेल होम म्हणून निवडलंय. शेजारपाजाऱ्यांना दाखवायला. तुमच्यामुळे जेवढी घरं मिळतील तेवढं कमिशन तुम्हाला. म्हणजे तुमचं काम जवळपास फुकटातच पडेल.” घरमालक खूश होऊन सही करायचा. कमिशन यायचं नाही, हप्ते मात्र यायचे.

आणि सही एकाच कागदावर नसायची. कागदांचा गठ्ठा असायचा. त्यात कधी कधी काम पूर्ण झाल्याचा दाखलाही घातलेला, काम सुरू व्हायच्या आधीच! बँक तो दाखला बघून विक्रेत्याला पैसे द्यायची. विक्रेता पैसे घेऊन पुढच्या गावाला.

इथे एक कायदेशीर गाठ होती, ती समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. घरमालकानं लिहून दिलेली वचनचिठ्ठी विक्रेता बँकेला किंवा फायनान्स कंपनीला विकून टाकायचा. कायदा असं म्हणायचा, की ज्यानं ती चिठ्ठी सरळ व्यवहारात, पैसे मोजून विकत घेतली, त्याचा मूळ भांडणाशी संबंध नाही. म्हणजे छत अजून गळतंय, पत्रे निखळलेत, तरी हप्ता भरावाच लागणार. “तुमचं भांडण त्या साइडिंगवाल्याशी. आमचे पैसे द्या.” साइडिंगवाला तर कधीच पसार.

१९५४ मध्ये हे सगळं बाहेर आलं. अध्यक्ष होते आयझेनहॉवर. एफएचएच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं, सिनेटच्या समितीनं चौकशी केली, वर्तमानपत्रं भरून गेली. मला या चौकशीतून निघालेली एक सुधारणा फार शहाणपणाची वाटते. तोवर बुडालेल्या एखाद्या कर्जाचं पूर्ण नुकसान सरकारच्या विम्यातून निघू शकायचं, त्यामुळे कर्ज कुणाला दिलं, काम झालं की नाही, हे तपासायची बँकेला फारशी गरजच पडत नव्हती. १९५४ च्या कायद्यानं ठरवलं, की प्रत्येक बुडीत कर्जातला १० टक्के तोटा बँकेनंच सोसायचा. स्वतःचे पैसे अडकले की माणूस जरा डोळे उघडून बघतो. बँकही.

पण व्याजाच्या मोजपट्टीचा प्रश्न तसाच राहिला होता. तो ज्या माणसानं हातात घेतला, त्याचं नाव पॉल डग्लस.

अर्थशास्त्र शिकलेल्यांनी हे नाव ऐकलं असेल. ‘कॉब-डग्लस’ सूत्रातले डग्लस ते हेच. शिकागोत प्राध्यापक, दुसऱ्या महायुद्धात वयाच्या पन्नाशीत सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झालेले, ओकिनावाच्या लढाईत जखमी झालेले, आणि नंतर इलिनॉय राज्यातून सिनेटर. १९६० मध्ये त्यांनी एक विधेयक मांडलं. मागणी एवढीच: कर्ज देणाऱ्यानं दोन आकडे लिहून द्यावेत. एक, या कर्जाचा एकूण खर्च किती. दोन, तो खर्च वर्षाच्या दरात किती टक्के. सगळ्यांनी एकाच पद्धतीनं.

व्याज कमी करा, असं ते म्हणत नव्हते. घ्या किती घ्यायचं ते, फक्त खरं सांगा.

त्यालाही केवढा विरोध! वार्षिक दर काढणं फार किचकट आहे, दुकानातल्या कारकुनाला जमणार नाही, ग्राहक गोंधळून जाईल, असं सांगितलं गेलं. विधेयक वर्षानुवर्षं समितीतच अडकून राहिलं. १९६६ मध्ये डग्लस निवडणूक हरले. त्यांच्या हयातीत कायदा झाला, पण तेव्हा ते सभागृहात नव्हते. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी ते काम पुढे नेलं, कनिष्ठ सभागृहात लिओनोर सुलिव्हन यांनी विधेयक आणखी कडक करून घेतलं, आणि २९ मे १९६८ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. ‘ट्रुथ इन लेंडिंग’, म्हणजे कर्ज देताना खरं बोला. १ जुलै १९६९ पासून तो लागू झाला आणि एपीआर, म्हणजे वार्षिक टक्केवारीचा एकच दर, अमेरिकेत प्रत्येक ग्राहक-कर्जाच्या कागदावर आला.

या कायद्यात घरदुरुस्तीसाठी एक खास गोष्ट होती. राहत्या घरावर बोजा चढवणारं असं कर्ज घेतलं, तर सही केल्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत ते रद्द करता येतं. कारण न देता. दारावर येऊन गोड बोलून सह्या घेणाऱ्या विक्रेत्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही तरतूद. सेल्समन निघून गेल्यावर, रात्री जेवताना घरच्यांशी बोलून, डोकं शांत झाल्यावर विचार करायला तीन दिवस. आणि ती वचनचिठ्ठीची गाठ? ती १९७५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानं सुटली. विक्रेत्यानं जुळवून दिलेल्या ग्राहक-कर्जात आता कर्ज कुणालाही विकलं, तरी विक्रेत्याविरुद्धची ग्राहकाची तक्रार त्या नव्या मालकापुढेही मांडता येते.

तर गोष्ट इथे संपली? सुखान्त? नाही ना.

दर उघडा पडला, तरी एक हत्यार शिल्लक राहतं: मुदत. हप्ता लहान दाखवायचा असेल तर दर कमी करायची गरज नाही, वर्षं वाढवली की झालं. एक हिशेब करून बघू. घराच्या कामासाठी ५ लाख रुपये घेतले, दर १२ टक्के, कमी होत जाणाऱ्या शिलकीवर.

५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ११,१२२ रुपये. एकूण व्याज सुमारे १ लाख ६७ हजार.

१० वर्षांसाठी हप्ता ७,१७४. व्याज ३ लाख ६१ हजार.

१५ वर्षांसाठी हप्ता ६,००१. व्याज ५ लाख ८० हजार.

दर तिन्हीकडे तोच. पाचाची पंधरा वर्षं केल्यावर हप्ता जवळपास निम्मा झाला, आणि व्याज साडेतीन पटींच्या आसपास गेलं. आणि बघा, दहाची पंधरा केली तेव्हा हप्ता कमी झाला फक्त अकरा-बाराशेनं, व्याज वाढलं सव्वादोन लाखांच्या जवळ. त्यात किचनच्या ट्रॉल्या पंधरा वर्षं टिकतील का, हा वेगळाच प्रश्न.

अमेरिकेत हे २००८ नंतर मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडलं. कॅलिफोर्नियात बर्कली शहरानं सोलरसाठी एक कल्पना काढली: खर्च आधी शहर उभा करेल, घरमालकानं तो २० वर्षांत घरपट्टीबरोबर फेडायचा. कल्पनेला नाव मिळालं ‘पेस’. हेतू चांगलाच होता, १९३४ सारखाच. मग राज्यानं कायदा केला, खासगी कंपन्या उतरल्या आणि दारोदार फिरणारे कंत्राटदार पुन्हा आले. या वेळी त्यांच्या हातात टॅब्लेट होता. सही बोटानं.

पण हा पैसा घरपट्टीच्या रूपात वसूल व्हायचा, त्यामुळे तो ‘कर्ज’ मानला जात नव्हता. म्हणजे ‘ट्रुथ इन लेंडिंग’ लागू नाही. एपीआर सांगायचं बंधन नाही, उत्पन्न तपासायचं नाही. आणि घरावरचा हा बोजा गृहकर्जाच्याही आधी वसूल होणारा. वयस्कर, तुटपुंज्या पेन्शनवर राहणाऱ्या माणसांना घरपट्टीचं बिल आलं तेव्हा कळलं, आपण काय करून बसलोय ते. काहींवर तर घर जायची वेळ आली. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियानं फेडण्याची ऐपत तपासणं सक्तीचं केलं, २०२० मध्ये लॉस एंजेलिस काउंटीनं घरांसाठीची आपली योजना बंदच केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संस्थेनं ‘पेस’लाही ‘ट्रुथ इन लेंडिंग’खाली आणणारा नियम जाहीर केला. १९६८ मध्ये शिकलेला धडा, फक्त नाव बदललं म्हणून, पुन्हा गिरवावा लागला.

आता आपल्याकडे येऊ. कर्जाचा कागद आणि खरा हिशेब यांतलं अंतर आपल्या मातीला चांगलंच ठाऊक आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे ताब्यात घेतले, जाळले. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत शिकलो ते हेच. त्यानंतर १८७९ मध्ये कायदा आला, त्यात न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सगळा इतिहास तपासता येऊ लागला. आणि त्याहून कितीतरी जुना आपला ‘दामदुपट’ नियम. धर्मशास्त्रातून आलेला, मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही मानलेला: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये.

दामदुपट थकलेल्या व्याजाचा नियम आहे, महिन्याच्या महिन्याला भरत गेलेल्या ईएमआयला तो लागू पडत नाही. पण मनातल्या मनात लावून बघायला काय हरकत आहे? मघाचं १५ वर्षांचं कर्ज आठवा. मुद्दल ५ लाख, व्याज ५ लाख ८० हजार. एक हप्ताही न चुकवता, अगदी शहाण्यासारखं फेडूनसुद्धा व्याज मुद्दलाच्या पुढे गेलं.

आणि तो राहिलेला फ्लॅट रेट. ५ लाख, ५ वर्षं, “फक्त १० टक्के फ्लॅट”. म्हणजे वर्षाला ५० हजार, पाच वर्षांचे अडीच लाख, हप्ता १२,५००. मी त्याचा कमी होत जाणाऱ्या शिलकीवरचा दर काढला. सव्वासतरा टक्के! म्हणजे १० टक्के फ्लॅटपेक्षा मघाचं १२ टक्क्यांचं कर्ज महिन्याला जवळपास १,४०० रुपयांनी स्वस्त. १९३४ चीच गोष्ट, रुपयात.

चांगली बातमी ही, की डग्लस यांचा तो आकडा इथेही पोचलाय. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत-कर्जांसाठी बँका आणि फायनान्स कंपन्यांनी ग्राहकाला केएफएस, म्हणजे ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यायचंच, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत हवं. त्यात एपीआर असतो, आणि प्रोसेसिंग फी, कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा असे खर्च त्या एपीआरमध्ये धरलेले असतात. कर्ज सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीचं असेल, तर तो कागद किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतो. म्हणजे “आजच सही करा, उद्या ऑफर नाही” असं कुणी म्हणालं, तर केएफएस मागा आणि सांगा, माझ्याकडे तीन दिवस आहेत.

घराचं काम कर्ज काढून करू नका, असं मी म्हणणार नाही. गळकं छत पावसाळ्याची वाट बघत नाही, आणि १९३४ च्या त्या कर्जांतून कितीतरी घरं खरंच उभी राहिली. फक्त विक्रेत्यानं हप्ता सांगितला की तीन प्रश्न विचारा. एपीआर किती? एकूण किती जाणार? आणि जे काम करून घेतोय ते कर्ज फिटेपर्यंत टिकणार का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं केएफएसमध्ये छापलेली असतात. तिसरं कुठलाच कायदा छापून देत नाही, ते मिस्त्रीला विचारून आपणच काढायचं.

आजच्यासाठी इतकंच. घरात कुणी किचन किंवा सोलर करायचं म्हणत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा, सही व्हायच्या आधी. भेटू पुढच्या भागात!